तीन मिलिमीटरचा प्रश्न

वाचकाचे पत्र

आदरणीय डॉक्टर,

मी एका रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून आठ महिन्यांपूर्वी रुजू झाले. आमच्याकडे प्रतिजैविकांची संवेदनशीलता डिस्क लावून तपासतात. गेल्या आठवड्यात अतिदक्षता विभागातील एका रुग्णाच्या रक्तातून क्लेबसिएला न्यूमोनिई हा जिवाणू वाढला. सकाळी प्लेट वाचताना इमिपेनेम या प्रतिजैविकाच्या डिस्कभोवतीचे वाढ नसलेले वर्तुळ, म्हणजे झोन, २१ मिलिमीटर भरला आणि मेरोपेनेमचा २७. त्याच दिवशी आमचा आठवड्याचा कंट्रोलही, म्हणजे चाचणी बरोबर चालते का हे पाहण्याची तपासणीही, लावलेला होता. त्यात ई. कोलाय एटीसीसी २५९२२ या प्रमाण जिवाणूचा इमिपेनेमचा झोन २३ आला. तो २६ ते ३२ च्या दरम्यान यायला हवा होता. मेरोपेनेमसह बाकी सगळ्या डिस्क कंट्रोलमध्ये बरोबर होत्या. आमच्या मॅडम म्हणाल्या, "तीन मिलिमीटरचाच तर फरक आहे, रिपोर्ट सोडून दे." मला ते पटले नाही. मी पूर्ण अहवाल थांबवला आणि इमिपेनेमच्या डिस्कचे नवे कार्ट्रिज (नळी) उघडून चाचणी पुन्हा लावली. दुसऱ्या दिवशी नव्या डिस्कचा कंट्रोल २९ आला आणि रुग्णाच्या जिवाणूचा झोन २६. तसा अहवाल दिला. पण आदल्या संध्याकाळी विभागातील डॉक्टरांचा फोन आला होता. माझ्यामुळे रुग्णाचा एक दिवस वाया गेला, असे ते चिडून म्हणाले. मॅडम तेव्हापासून माझ्याशी कामापुरतेच बोलतात. मी चुकले का? आणि दिवसभर पट्टीने वर्तुळे मोजणाऱ्या माणसाने असा निर्णय घ्यायचा असतो का?

उत्तर

तुमच्या पहिल्या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. इमिपेनेमचा निकाल तुम्ही दिला नाही, ते पूर्णपणे बरोबर होते. त्यासोबत बाकीचा सगळा अहवाल थांबवला, ते बरोबर नव्हते. शिवाय तुम्ही न विचारलेली एक तिसरी गोष्ट आहे, ती या दोन्हींपेक्षा मोठी आहे आणि तिच्यासाठी अजून वेळ गेलेली नाही. तिच्याकडे मी शेवटी येते, कारण ती नीट समजण्यासाठी आधी त्या तीन मिलिमीटरांचा अर्थ लागायला हवा.

हे सदर वाचणाऱ्यांत प्रयोगशाळेबाहेरचेही अनेकजण आहेत, म्हणून त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रुग्णाच्या रक्तातून, लघवीतून किंवा जखमेतून वाढलेला जिवाणू म्यूलर-हिंटन अगार या जिवाणू वाढवण्याच्या घट्ट माध्यमाच्या प्लेटवर एकसारखा पसरतात आणि त्यावर औषधांच्या ठरावीक मात्रेच्या कागदी डिस्क ठेवतात. डिस्कमधील औषध अगारमध्ये झिरपू लागते आणि त्याच वेळी जिवाणूही वाढू लागतो. या दोघांच्या शर्यतीत जिथपर्यंत औषध पुरेशा प्रमाणात वेळेत पोहोचते, तिथपर्यंत वाढ होत नाही आणि डिस्कभोवती एक स्वच्छ वर्तुळ उरते. त्याला झोन म्हणतात. झोनचा व्यास मोजून तो तक्त्याशी ताडला, की तो जिवाणू त्या औषधाला संवेदनशील आहे, मध्यम आहे की प्रतिरोधक, हे ठरते.

ही पद्धत दिसायला साधी असली, तरी तिच्यातील प्रत्येक गोष्ट बांधलेली असते. अगारची जाडी सुमारे ४ मिलिमीटर, जिवाणूंच्या द्रावणाचा गढूळपणा ०.५ मॅकफार्लंड (गढूळपणा मोजण्याचे परिमाण), द्रावण तयार झाल्यापासून १५ मिनिटांत ते प्लेटवर लावणे, तापमान सुमारे ३५ अंश सेल्सिअस आणि उबवण्याचा काळ १६ ते १८ तास. बावर, कर्बी, शेरिस आणि टर्क यांनी १९६६ मध्ये ही पद्धत प्रमाणित स्वरूपात मांडली. त्यापूर्वी प्रयोगशाळांच्या पद्धती आपापल्या असत आणि एकीचा आकडा दुसरीच्या आकड्याशी जुळवता येत नसे. एखाद्या दिवशी द्रावण दाट झाले, अगार जाड ओतला गेला किंवा डिस्कमधील औषध थोडे नासले, तर झोन लहान होतो आणि जिवाणूमध्ये काहीही बदल झालेला नसताना तो प्रतिरोधक दिसू लागतो.

म्हणूनच कंट्रोल लावायचा असतो. ई. कोलाय एटीसीसी २५९२२ हा जिवाणू जगभरातील प्रयोगशाळांमध्ये सारखाच आहे आणि इमिपेनेमच्या १० मायक्रोग्रॅमच्या डिस्कभोवती त्याचा झोन किती यायला हवा, हे आधीच ठाऊक आहे. त्या दिवशी तो २३ आला, याचा अर्थ इतकाच की तुमच्या टेबलावर इमिपेनेमची चाचणी त्या दिवशी खरे बोलत नव्हती. रुग्णाच्या जिवाणूचा २१ हा आकडा त्याच चाचणीतून आलेला असल्यामुळे तो कोणत्याही रकान्यात बसवता येत नव्हता.

आता मॅडमच्या वाक्याकडे येऊ. सीएलएसआय या प्रयोगशाळांची मानके ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या तक्त्यानुसार क्लेबसिएलासारख्या आतड्यातील जिवाणूंसाठी इमिपेनेमचा झोन २३ किंवा त्याहून मोठा असेल तर जिवाणू संवेदनशील, १९ किंवा त्याहून लहान असेल तर प्रतिरोधक, आणि २०, २१, २२ हे मध्यम. म्हणजे मध्यमचा संपूर्ण पट्टाच तीन मिलिमीटरचा आहे. या तक्त्यापुढे "तीनच मिलिमीटर" हे शब्द टिकत नाहीत, कारण तेवढ्यात संवेदनशील जिवाणू प्रतिरोधकाच्या उंबरठ्यावर जाऊन बसतो. तुमच्याच प्लेटने ते दाखवून दिले: चांगल्या डिस्कने २६ आलेला जिवाणू नासलेल्या डिस्कने २१ दाखवत होता. येथे आणखी एक मोह होतो, तोही टाळावा. कंट्रोल तीनने कमी आला आहे, तर रुग्णाच्या आकड्यात तीन मिळवून अहवाल द्यावा, असे सुचवणारी माणसे मला भेटली आहेत. झोनचा व्यास आणि औषधाचे प्रमाण यांचे नाते असे सरळ बेरीज-वजाबाकीचे नसते आणि दोन जिवाणूंवर एकाच बिघाडाचा परिणाम सारखा होईल याची खात्री नसते. कंट्रोल चुकला असेल, तर रुग्णाच्या आकड्याला हात न लावता चाचणी नव्याने करायची असते.

तो २१ तसाच अहवालात गेला असता तर काय झाले असते, याचाही विचार करा. रक्तातील क्लेबसिएला इमिपेनेमला मध्यम आहे असे वाचल्यावर कोणताही जबाबदार डॉक्टर आधी कार्बापेनेमेजची, म्हणजे कार्बापेनेम गटातील औषधे तोडणाऱ्या विकरांची, शंका घेईल. त्या शंकेपोटी कदाचित कोलिस्टिन हे राखीव प्रतिजैविक सुरू झाले असते, ज्याचा मूत्रपिंडावर होणारा परिणाम सर्वांना माहीत आहे. रुग्णाला इतरांपासून वेगळे ठेवले गेले असते आणि नातेवाइकांना काळजी वाढवणारे शब्द ऐकावे लागले असते. हे सारे एका ओलसर झालेल्या कागदी चकतीमुळे घडले असते. संवेदनशील जिवाणूला प्रतिरोधक म्हणणे ही आपल्या क्षेत्रात मोठी चूक मानली जाते आणि प्रतिरोधक जिवाणूला संवेदनशील म्हणणे त्याहूनही मोठी, कारण दुसऱ्या चुकीत रुग्णाला निरुपयोगी औषध मिळत राहते. तुम्ही टाळलेली चूक, म्हणजे संवेदनशील जिवाणूला मध्यम म्हणणे, या दोन्हींपेक्षा लहान आणि पहिल्या प्रकाराच्या दिशेची होती, पण अतिदक्षता विभागात तीही जिवावर बेतू शकते. या बाबतीत तुम्ही ठाम राहिलात याचे मला मनापासून समाधान वाटते.

आता दुसरी बाजू. तुमच्याच पत्रात लिहिले आहे की मेरोपेनेमसह बाकी सगळ्या डिस्क कंट्रोलमध्ये बरोबर होत्या. मग ते निकाल ग्राह्य होते. रुग्णाच्या जिवाणूचा मेरोपेनेमचा झोन २७ होता आणि मेरोपेनेमसाठीही २३ किंवा अधिक म्हणजे संवेदनशील. डॉक्टरांना त्या सकाळी जे हवे होते, म्हणजे कार्बापेनेम गटातील औषध या जिवाणूवर चालेल का या प्रश्नाचे उत्तर, ते तुमच्या हातात होते, आणि ते तुम्ही इमिपेनेमबरोबर बांधून ठेवले. डॉक्टरांचा सूर चुकीचा असेल, पण त्यांच्या तक्रारीत तथ्य आहे. रक्तातील संसर्गात योग्य औषध लवकर मिळण्याला किती महत्त्व असते, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

शिवाय त्या दोन आकड्यांत एक खूणही होती. एकाच गटातील दोन औषधांपैकी एकाला जिवाणू स्पष्टपणे संवेदनशील आणि दुसऱ्याला मध्यम दिसतो, तेव्हा प्रश्न पडायला हवा. असे खरोखरही घडू शकते. प्रोटियससारख्या जिवाणूंत इमिपेनेमला असलेली संवेदनशीलता मुळातच थोडी कमी असते आणि काही विकरे दोन्ही औषधांना सारखी तोडत नाहीत. पण क्लेबसिएलामध्ये असा विसंवाद दिसला आणि त्याच दिवशी त्यातल्या एका औषधाचा कंट्रोल चुकलेला असेल, तर बोट आधी डिस्ककडे वळले पाहिजे. तुम्ही डिस्क बदललीत, म्हणजे ही खूण तुमच्या लक्षात आली असणार. ती त्याच वेळी डॉक्टरांनाही सांगायला हवी होती.

अशा सकाळी करायचे काम एका फोनचे असते आणि तो तुम्ही करायचा असतो, समोरून येण्याची वाट पाहायची नसते. बोलणे साधारण असे व्हावे: "डॉक्टर, अमुक क्रमांकाच्या रुग्णाच्या रक्तातून क्लेबसिएला न्यूमोनिई वाढला आहे. मेरोपेनेम, अमिकासिन आणि इतर अमुक औषधांचे निकाल तयार आहेत, ते तात्पुरत्या अहवालात आत्ता पाठवत आहे. मेरोपेनेमला जिवाणू संवेदनशील आहे. इमिपेनेमची डिस्क आज गुणवत्ता तपासणीत उतरली नाही, म्हणून त्याचा निकाल रोखून ठेवला आहे. नवी डिस्क लावली आहे, उद्या सकाळी कळवते." यात निदान नाही, उपचाराचा सल्ला नाही आणि क्षमायाचनाही नाही. तुमच्या प्रयोगशाळेत गंभीर निकाल फोनवर कळवण्याचे काम सूक्ष्मजीवशास्त्राच्या डॉक्टरांकडे असेल, तर हीच माहिती त्यांच्याकडे त्याच मिनिटाला पोहोचवावी. फोन कोणाला केला, किती वाजता केला आणि ऐकणाऱ्याने निकाल परत म्हणून दाखवला का, याची नोंद ठेवावी. ऐकलेले औषधाचे नाव समोरच्याकडून परत म्हणवून घेणे अनेकांना अवघड वाटते, पण इमिपेनेम आणि मेरोपेनेम ही नावे गडबडीत एकसारखीच ऐकू येतात.

आता त्या तिसऱ्या गोष्टीची पायाभरणी करते. कंट्रोल चुकला, की सगळ्यात आधी पाहायचे असते ते हे, की एकाच औषधाचा झोन चुकला आहे की सगळ्यांचे एकाच दिशेने सरकले आहेत. सगळेच झोन लहान आले, तर द्रावण दाट होते किंवा अगार जाड होता. सगळेच मोठे आले, तर याच्या उलट. फक्त जेंटामायसिनसारखी औषधे स्यूडोमोनस या दुसऱ्या प्रमाण जिवाणूच्या कंट्रोलवर बिघडली, तर अगारमधील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे प्रमाण तपासावे. फक्त ट्रायमेथोप्रिम-सल्फाचा झोन धूसर झाला, तर अगारमध्ये थायमिडीन जास्त असण्याची शक्यता असते. तुमच्याकडे इमिपेनेम एकटेच चुकले होते आणि मेरोपेनेम शेजारीच बरोबर होते. त्यामुळे अगार आणि द्रावण निर्दोष ठरतात आणि डिस्क दोषी ठरते. इमिपेनेम हे लवकर खराब होणाऱ्या औषधांपैकी एक आहे. दमट हवा आणि उष्णता त्याला सोसत नाही. बहुधा कोणीतरी फ्रिजमधून काढलेले कार्ट्रिज खोलीच्या तापमानाला येण्याआधीच उघडले आणि आत दव धरले, किंवा डिस्पेन्सर (प्लेटवर डिस्क टाकण्याचे साधन) रात्रभर टेबलावर राहिला. साठ्यातल्या डिस्क गोठवून ठेवाव्यात, फ्रिजमध्ये आठवडाभराच्या वापरापुरत्याच असाव्यात, कार्ट्रिज उघडण्यापूर्वी ते एक-दोन तास बाहेर ठेवावे आणि डिस्पेन्सरमधील ओलावा शोषणाऱ्या पुडीचा रंग बदलला की ती बदलावी. हे सगळे तुम्ही शिकला असालच. पण ज्या प्रयोगशाळेत कामाची घाई असते, तिथे नियम आधी याच जागी ढिले पडतात.

आणि आता ती गोष्ट. तुमचा कंट्रोल आठवड्यातून एकदा लागतो. म्हणजे ते कार्ट्रिज कंट्रोलमध्ये शेवटचे बरोबर उतरले ते सात दिवसांपूर्वी. ते नेमके कंट्रोलच्याच दिवशी नासले असेल, असे मानायला काही आधार नाही. ते चार दिवसांपूर्वी नासले असेल, तर चार दिवस त्याच डिस्कने दिलेले इमिपेनेमचे निकाल संशयास्पद ठरतात, आणि त्या रुग्णांपैकी काहीजण अजून खाटेवर असतील. एका रुग्णाच्या अहवालावरून तुमची झोप उडाली, याचा मला आदर वाटतो. पण मधल्या सहा दिवसांतल्या रुग्णांचा विचार अजून कोणीच केलेला दिसत नाही.

हे काम वाटते तेवढे अवाढव्य नसते, कारण बिघाडाची दिशा तुम्हाला माहीत आहे. नासलेली डिस्क झोन लहान करते. म्हणून अशा डिस्कनेही जो जिवाणू संवेदनशील दिसला, तो चांगल्या डिस्कने अधिकच संवेदनशील दिसेल; ते अहवाल सुरक्षित आहेत. तपासायचे आहेत ते फक्त मागील नियमित कंट्रोलनंतर त्या कार्ट्रिजने इमिपेनेमला मध्यम किंवा प्रतिरोधक ठरवलेले जिवाणू. त्यातही ज्यांचा मेरोपेनेमचा निकाल सोबत प्रतिरोधकच होता, त्यांचा क्रम नंतर लागेल, आणि ज्यांचे मेरोपेनेम संवेदनशील होते, ते आधी. रक्तातून वाढलेले जिवाणू काही काळ जतन करून ठेवण्याची पद्धत असते. ते मिळाले, तर नव्या डिस्कने चाचणी पुन्हा करावी. निकाल बदलला, तर दुरुस्त अहवाल द्यावा, त्यावर 'दुरुस्त' असे स्पष्ट लिहावे, जुना निकाल पुसून न टाकता नोंदीत राहू द्यावा आणि संबंधित डॉक्टरांना फोन करावा. जिवाणू टाकून दिलेला असेल, तर निकालाबद्दल शंका आहे एवढे तरी डॉक्टरांना कळवावे. हे कळवणे जड जाते, हे मला ठाऊक आहे. नवे कार्ट्रिज बरोबर उतरले म्हणून लगेच आठवड्याच्या कंट्रोलवर जाऊ नये. बिघाडाचे नेमके कारण हाती लागले नसेल, तर त्या औषधाचा कंट्रोल सलग पाच चाचणी-दिवस लावून तो पाचही दिवस मर्यादेत येतो का, हे पाहायचे असते.

याला आणखी एक कारण आहे, जे एका रुग्णापुरते नाही. रुग्णालयाचा वार्षिक संवेदनशीलता तक्ता याच निकालांतून बनतो. प्रत्येक रुग्णाचा पहिला जिवाणू धरून, आणि शक्यतो किमान ३० जिवाणू असतील तरच, टक्केवारी काढतात. पुढच्या वर्षी कल्चरचा निकाल येण्याआधी कोणते औषध सुरू करायचे, हे डॉक्टर त्या तक्त्यावरून ठरवतात. नासलेल्या डिस्कने दाखवलेला खोटा प्रतिरोध त्यात शिरला, तर गरज नसताना राखीव औषधे वापरात येतात आणि त्यांच्याविरुद्ध खरा प्रतिरोध वाढायला तीच वाट मिळते.

मॅडमबद्दल मी जपून लिहिते, कारण मीही त्या खुर्चीत बसले आहे. सकाळी दहा वाजता तीन विभागांचे फोन वाजत असतात, प्लेट्सचा ढीग असतो आणि अशा वेळी "सोडून दे" हे शब्द तोंडातून निघून जातात. माझ्या उमेदीच्या काळात मी काम करत होते त्या प्रयोगशाळेत आम्ही कोलिस्टिनची डिस्क लावत असू आणि तिच्यावरून बिनदिक्कत 'संवेदनशील' असे लिहीत असू. कोलिस्टिनचा रेणू मोठा असल्यामुळे तो अगारमध्ये नीट पसरत नाही आणि झोनवरून प्रतिरोधक जिवाणू ओळखता येत नाहीत, हे पुढे सिद्ध झाले. सीएलएसआय आणि युकास्ट ही तशीच युरोपीय संस्था यांच्या संयुक्त गटाने २०१६ मध्ये त्यासाठी द्रवमाध्यमातील सूक्ष्म-विरलन पद्धत (औषधाच्या कमी-कमी होत जाणाऱ्या मात्रांत जिवाणू वाढतो का ते पाहणे) ठरवून दिली आणि २०२० पासून सीएलएसआयच्या तक्त्यात कोलिस्टिनसाठी 'संवेदनशील' हा वर्गच उरलेला नाही. त्या काळी आमच्यातील एका कनिष्ठ तंत्रज्ञाने विचारले होते की ही वर्तुळे सगळ्याच जिवाणूंना जवळजवळ सारखीच कशी येतात. मी त्याला "पद्धत अशीच आहे" असे सांगून गप्प केले. त्या अहवालांवर कितीजणांना औषध दिले गेले, हे मला आता कधीच कळणार नाही. तुमच्या मॅडमनाही असा एखादा दिवस आठवत असेल, आणि नसेल, तर तुमच्यामुळे तो त्यांच्या वाट्याला येणे टळले आहे.

त्यांच्याशी बोलायला जाताना कोण बरोबर होते हा विषय काढू नका. इमिपेनेमच्या कंट्रोलचे गेल्या काही महिन्यांचे आकडे तारखेनुसार एका कागदावर मांडून न्या. बऱ्याचदा असे दिसते की झोन एका दिवसात घसरत नाही; २९, २८, २७, २६ असा उतरत येतो आणि २६ पर्यंत कोणाचे लक्ष जात नाही, कारण तो अजून मर्यादेत असतो. असा उतार दिसला, तर तो मॅडमना दाखवा आणि मागील निकाल तपासण्याचे काम त्यांच्या संमतीने हाती घ्या. त्यासोबत एक लेखी कार्यपद्धती मागा: कंट्रोल चुकल्यास कोणते निकाल रोखायचे, कोणते द्यायचे, फोन कोणी करायचा आणि पुनर्तपासणी कधी थांबवायची. ती भिंतीवर लागली, की पुढच्या वेळी तुम्हाला धैर्य गोळा करावे लागणार नाही आणि त्यांनाही घाईत निर्णय घ्यावा लागणार नाही. एवढे करूनही चुकलेल्या कंट्रोलवर निकाल सोडण्यास पुन्हा सांगितले गेले, तर कंट्रोलचा आकडा नोंदवहीत जसाच्या तसा लिहा, त्या निकालावर सही करू नका आणि अहवालावर अंतिम सही करणाऱ्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या डॉक्टरांकडे जा. कंट्रोलचा आकडा बदलून लिहिण्यास कोणी सुचवले, तर ते कोणत्याही परिस्थितीत करू नका.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, पट्टीने वर्तुळे मोजणाऱ्या माणसाचा. त्या प्रश्नातली खिन्नता मला जाणवली. अहवाल विभागात पोहोचतो, तेव्हा त्यावर औषधाच्या नावापुढे एकच अक्षर असते. प्लेट कोणीही पाहिलेली नसते. ती फक्त तुम्ही पाहिलेली असते. झोनच्या आत दोन-तीन बारीक वसाहती उभ्या असतात, त्या दुसऱ्या जिवाणूची भेसळ आहेत की त्याच जिवाणूतील प्रतिरोधक पेशी आहेत, हा प्रश्न फक्त तुमच्या डोळ्यांना पडू शकतो. प्रोटियसचा पातळ पसरलेला थर झोनमध्ये आला, तर तो सोडून द्यायचा असतो. सल्फाच्या डिस्कभोवतीची फिकट वाढ सोडून स्पष्ट कड धरायची असते. पण स्टॅफिलोकोकसचा लिनेझोलिडचा झोन वाचताना प्लेट उजेडासमोर धरून आतली अगदी पुसट वाढही मोजायची असते. एरिथ्रोमायसिनच्या बाजूने क्लिंडामायसिनचा झोन चपटा होऊन इंग्रजी 'डी' अक्षरासारखा दिसला, तर व्यास कितीही मोठा भरला तरी क्लिंडामायसिन प्रतिरोधकच लिहायचे असते. यातले काहीही पट्टीवर लिहिलेले नसते. त्या दिवशी २३ हा आकडा पाहून तुम्ही थांबलात, तो निर्णय घेण्याच्या जागी रुग्णालयात दुसरे कोणी नव्हतेच.

विभागातल्या त्या डॉक्टरांकडे एकदा स्वतः जाऊन या. इमिपेनेम का रोखले होते ते सांगा आणि मेरोपेनेमचा निकाल त्याच सकाळी द्यायला हवा होता, हेही स्वतःहून मान्य करा. रुग्णाची प्रकृती कशी आहे, तेही विचारा. आपल्या प्लेटवरचा जिवाणू कोणाचा होता, हे आपल्याला फार क्वचित कळते.

पण त्याआधी उद्या सकाळी नोंदवही उघडा. ते कार्ट्रिज कधी उघडले, त्याचा लॉट क्रमांक काय आणि मागील नियमित कंट्रोलनंतर इमिपेनेम मध्यम किंवा प्रतिरोधक आलेले जिवाणू किती, एवढे तीन आकडे काढा. त्या यादीत किती नावे निघाली, ते मला कळवा.